ट्रॉलीच्या हौद्याला अस्तर : आधी खरवडा, मग लावा

(पहूर, ता. जामनेर येथील बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



कापसाच्या भावाचे बोलून झाले, विजेचे बोलून झाले. आता मला बोलायचे आहे ते पत्र्याबद्दल. भाषणाला हा काय विषय झाला, असे काहींना वाटेल. त्यांनी बैठक संपल्यावर बाहेर रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या ट्रॉल्यांकडे जरा जाऊन यावे. हौद्याच्या पुढच्या कोपऱ्यात, तळाचा पत्रा आणि बाजूचा पत्रा जिथे मिळतो तिथे, नखाने खरवडून बघावे. पापुद्रा हातात येईल. मागच्या फाळक्याच्या बिजागरीखाली बघा. तिथे पापुद्रासुद्धा उरलेला नसेल, थेट खालची जमीन दिसेल.

आपल्या बापजाद्यांच्या गाडीची साटी लाकडाची होती. बाभळीचे लाकूड पाण्याने कुजते, पण हळूहळू, आणि एक फळी गेली तर तेवढीच बदलता येते. ट्रॅक्टर आला, ट्रॉली आली आणि आपण लाकडावरून लोखंडावर आलो. पण लोखंड सांभाळायची रीत काही आपल्या घरात आली नाही. पोळ्याला बैलाची शिंगे आपण न चुकता रंगवतो. ट्रॉली मात्र विकत घेतली त्या दिवशी जो रंग होता तोच शेवटपर्यंत.

वर्षभरात हा हौदा काय काय वाहतो ते मनात आणा. उन्हाळ्यात शेणखत. पेरणीच्या तोंडावर युरिया आणि पोटॅश. श्रावणात उघड्यावर उभी, हौद्यात पाणी आणि पाण्यात कुजलेला पाला. दिवाळीनंतर कापूस. मग दादरची कणसे, कडबा, पऱ्हाटी. मधल्या दिवसांत कोणाच्या घराचा मुरूम, कोणाच्या विटा. यातले सर्वांत वाईट कोणते? मुरूम नव्हे. मुरूम पत्र्याला ओरखडे काढतो एवढेच. पत्रा खातात ते शेणखत आणि पोटॅश. आपण पिकाला घालतो तो पोटॅश बहुतेक वेळा म्युरेट ऑफ पोटॅश असतो, म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. खायच्या मिठाचा तो सख्खा चुलतभाऊ. मिठाच्या बरणीचे लोखंडी झाकण किती दिवस टिकते ते घरातल्या बाईला विचारा. फाटलेल्या गोणीतून सांडलेला हा क्षार कोपऱ्यात बसतो, हवेतला ओलावा ओढून घेतो आणि पाऊस नसतानाही पत्रा ओला ठेवतो. शेणखताचेही तेच, त्यात ओल असते आणि क्षारही असतात.

हे नुकसान आपण वहीत लिहीत नाही. बियाण्याचे लिहितो, फवारणीचे लिहितो, वेचणीची मजुरी पैशापर्यंत लिहितो. औजाराचा घसारा लिहिणारा शेतकरी मला फार थोडा भेटला. ट्रॉलीचा तळ बदलायची वेळ आली की तो खर्च अचानक आकाशातून पडल्यासारखा वाटतो. तो आकाशातून पडत नाही, रोज कोपऱ्यात थोडा थोडा जमत असतो.

आणि नुकसान पत्र्यापुरते थांबत नाही. गंजलेल्या तळावर खळगे पडतात, खळग्यात पाणी राहते, आणि त्यावर आपण वर्षाचे पीक भरतो. भारतीय कपास निगम हमीभावाला जो कापूस घेते त्यात ओलावा ८ टक्के धरलेला असतो. त्यावर १२ टक्क्यांपर्यंत पैसे कापून घेतात आणि १२ च्या वर गेला की घेतच नाहीत. वरचा कापूस खडखडीत वाळलेला असला तरी तळाचा थर ओला आणि तांबूस निघाला, तर हात घालणारा माणूस कोणत्या थरात हात घालील ते तुम्हाला माहीत आहे.

तर या हौद्याला आतून अस्तर लावता येते. शहरातल्या रंगाच्या दुकानात त्याला ‘बेड लायनर’ म्हणतात. ही मूळची अमेरिकेतली पद्धत. तिथल्या शेतकऱ्याकडे ट्रॉलीपेक्षा पिकअप गाडी जास्त, आणि तिच्या हौद्यात रबरासारखा, खरबरीत, काळा थर फवारून घेण्याची तिथे रीत आहे. आपल्याकडे पिकअप गाड्या वाढल्या तसे ते सामान इकडेही मिळू लागले. पुण्या-मुंबईची हौशी मंडळी ते जीपला लावतात. आपल्या कामाचे त्यात काय आहे आणि काय नाही, हे समजून घेतले तर त्याचा उपयोग आहे. नाही घेतले तर पैसे आणि ट्रॉली दोन्ही जातील. आणखीही एक गोष्ट जाऊ शकते, तिच्याबद्दल पुढे बोलतो.

या अस्तराचे मुख्यतः दोन प्रकार आहेत आणि ते एकमेकांत मिसळू नका. पहिला प्रकार पॉलियुरियाचा. तो मोठ्या यंत्राने लावतात. दोन द्रव तापवून, प्रचंड दाबाने एकाच बंदुकीत एकत्र करतात, आणि पत्र्यावर पडल्यावर काही सेकंदांत तो घट्ट होतो. हे घरी होत नाही. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरवर तर मुळीच होत नाही. कोणी तुम्हाला डब्यातून तसले काही देऊन ‘तेच आहे’ म्हणाला, तर दुकान बदला. दुसरा प्रकार दोन डब्यांचा पॉलियुरेथेन. एका डब्यात जाड रंग, दुसऱ्यात हार्डनर. ठरलेल्या मापाने मिसळायचे, साध्या कॉम्प्रेसरवरच्या बंदुकीने फवारायचे किंवा रोलरने लावायचे. घरी करण्याजोगा तो हा.

आता आपले आणि अमेरिकन शेतकऱ्याचे एक अंतर लक्षात घ्या. त्याला हौद्यात ठेवलेले खोके, पिंप, पेटी घसरू नये असे वाटते, म्हणून तो थर जितका खरबरीत तितका त्याला बरा. काही जण त्यात रबराचा चुरासुद्धा घालतात. आपली ट्रॉली हायड्रॉलिकवर उचलून रिकामी करायची असते. आपल्याला माल घसरायलाच हवा आहे! खरबरीत तळावर ओले शेणखत चिकटून बसते, मग माणूस फावडे घेऊन आत उतरतो आणि फावड्याच्या धारेने अस्तरच सोलतो. कापसाचे तंतूही त्या खरबरीतपणात अडकतात. म्हणून चुरा घालू नका. थर बारीक दाण्याचा, शक्य तितका गुळगुळीत ठेवा. पिकअपमधून भाजीचे क्रेट किंवा दुधाचे कॅन नेणाऱ्याने मात्र खरबरीत ठेवावा.

स्वस्तात काय होईल, हा प्रश्न येणारच, तर तोही आताच घेऊ. डांबर नको. डांबर आणि गाडीच्या खालच्या बाजूला मारतात ते काळे कोटिंग, ही जवळजवळ एकच जात. ते हौद्याच्या खालून मारले तर चांगलेच आहे, जरूर मारा. आतून मात्र नको. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, आणि उन्हातल्या पत्र्याला तर हात लावता येत नाही. डांबर मऊ होते, डिझेल सांडले की विरघळते, आणि कापसाला लागलेला डांबराचा डाग सूत होईपर्यंत जात नाही. साधा ऑइलपेंट एखादा हंगाम दिसायला बरा राहतो, विटांची पहिली खेप टाकली की निघतो. जुन्या पट्ट्याचा रबर अंथरतात काही जण. मार लागू नये म्हणून तो ठीक, पण त्याच्याखाली पाणी अडकते आणि ते वरून दिसत नाही. रबर टाकायचा तर सुटा टाका, दर पावसानंतर उचलून वाळवा. नाहीतर झाकून ठेवलेला गंज उघड्या गंजापेक्षा वेगाने खातो.

आता कामाकडे. या कामाचे दहा भाग केले तर आठ भाग खरवडण्याचे आहेत, एक मापाचा आणि एक लावण्याचा. दुकानदार शेवटच्या भागाचे सामान विकतो म्हणून बोलतो फक्त त्याच्याबद्दल.

गंज म्हणजे काय होते? लोखंड, पाणी आणि हवा एकत्र आली की लोखंडाची माती होते. ही माती मूळच्या लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेते. ती फुगते. वर रंग असेल तर त्याला खालून उचलून टाकते. म्हणून गंजावर मारलेला कितीही महागडा थर पत्र्याला चिकटलेलाच नसतो, तो मातीला चिकटलेला असतो, आणि माती सुटली की तो सुटतो. जाड अस्तराचा तर आणखी एक धोका आहे. ते चादरीसारखे एकसंध असल्यामुळे खाली काय चालले आहे ते वर्षभर कळतच नाही. एक दिवस फावडे आरपार जाते, तेव्हा कळते.

पहिल्यांदा हौदा पूर्ण रिकामा करा. कोपऱ्यातला कापूस, कडब्याचा भुसा बोटाने, काडीने, झाडूने काढा. हे मी स्वच्छतेसाठी सांगत नाही. पुढे तिथे ग्राइंडर चालणार आहे, त्याच्या ठिणग्या उडणार आहेत, आणि कापसात पडलेली ठिणगी ज्वाळा न दाखवता तासन्‌तास धुमसत राहते. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरात भावाची वाट पाहणारा कापूस छतापर्यंत भरलेला असतो. अशा घराच्या अंगणात ग्राइंडर लावू नका, थिनरचा डबा उघडू नका, कडब्याच्या गंजीजवळ तर मुळीच नको. ट्रॉली मोकळ्या वावरात किंवा रिकाम्या खळ्यावर न्या, आणि पाण्याची बादली जवळ ठेवा.

मग धुणे. साध्या पाण्याने भरपूर, कारण क्षार फक्त पाण्यातच जातो. तो थिनरने जात नाही, घासून तर आणखी आत बसतो. त्यानंतर कपड्याच्या साबणाच्या पाण्याने तेल आणि ग्रीस काढा, आणि पुन्हा साध्या पाण्याने धुवा. ट्रॉलीला उतार देऊन उभी करा. पाणी जिथे अडते ती जागा खडूने खुणावून ठेवा, तिथे निचऱ्याचे भोक पाडायचे आहे. हे भोक अस्तर लावण्याच्या आधी पाडा. नंतर पाडले तर त्याची कड उघडी राहते आणि गंज तिथून आत शिरतो.

दोन दिवस उन्हात वाळू द्या. मग ग्राइंडरला तारेचा कप ब्रश लावून सगळा सुटा गंज काढा. डोळ्यांना चष्मा हवाच. तारेचा तुटलेला तुकडा गोळीसारखा येतो, आणि डोळा काही पत्र्याच्या दुकानात मिळत नाही. कोपऱ्यात आणि वेल्डिंगच्या रेघांवर ब्रश पोचत नाही, तिथे छिन्नी आणि हातोडी. ठोकून बघा. खणखणीत वाजले तर पत्रा शाबूत आहे, बद्द वाजले तर आतून गेलेला आहे. गेलेला भाग कापून तिथे वेल्डिंगने नवा तुकडा बसवा. पुट्टीने भोक बुजवू नका. पुट्टी कागदासारखी आहे, वजन घेत नाही.

शेवटी जाड पॉलिश पेपरने, ६० किंवा ८० नंबरच्या, सगळा हौदा घासा. चकाकी कुठेही राहता कामा नये, कारण अस्तराला धरायला खरबरीत पृष्ठभाग लागतो. जुना ऑइलपेंट असेल तर तो पूर्ण काढा, कारण पॉलियुरेथेनमधले थिनर जुन्या पेंटला खालून सुरकुत्या पाडते. मग परीक्षा घ्या. पत्र्यावर ओंजळभर पाणी टाका. ते सपाट पसरले तर पत्रा स्वच्छ आहे. अळूच्या पानावरच्यासारखे थेंब झाले तर अजून तेल आहे, पुन्हा धुवा.

खळग्यांच्या तळात काळसर-तांबूस गंज राहतोच, तो कितीही घासला तरी जात नाही. त्यासाठी गंज बदलणारे द्रावण मिळते. त्यात टॅनिन असते, ते गंजाशी मिळून काळा, घट्ट थर बनवते. यात नवल काही नाही. बाभळीच्या सालीच्या किंवा हिरड्याच्या पाण्यात लोखंड पडले की पाणी शाईसारखे काळे होते हे जुन्या माणसांना माहीत होते, शाई तशीच करत. तेच हे रसायन, बाटलीत घालून विकायला ठेवलेले. पण ते फक्त खळग्यातल्या उरलेल्या गंजासाठी. जाड पापुद्र्यावर ओतून ‘झाले काम’ म्हणाल तर फक्त वरचा पापुद्रा काळा होईल.

आता प्रायमर. आपल्याकडे लोखंड म्हटले की रेडऑक्साइड, हे समीकरण झाले आहे. पूर्वी रेल्वेच्या पुलांना आणि मोठ्या लोखंडी कामांना शेंदूर अळशीच्या तेलात कालवून लावत असत, आपल्या मारुतीला लावतात तोच शेंदूर. तो शिशाचा असतो आणि गंज खरोखर थोपवतो, पण विषारी म्हणून जगभर मागे पडला. त्याच्या रंगाची आठवण देणारे रेडऑक्साइड म्हणजे मात्र गेरूचे भावंड. लाल रंग स्वतः गंज अडवत नाही. शिवाय साधे रेडऑक्साइड तेलाच्या जातीचे असते, त्यावर पॉलियुरेथेन मारले की ते मऊ होऊन उचलले जाते. ग्रिलला, दरवाज्याला ते ठीक. या कामाला दोन डब्यांचा इपॉक्सी प्रायमर घ्या. एक पातळ हात, कोपऱ्यांत आणि वेल्डिंगवर ब्रशने आणखी एक. डब्यावर जेवढ्या तासांनी पुढचा थर द्यायला सांगितले आहे तेवढ्याच वेळात अस्तर लावा. आठवडाभर उन्हात ठेवलात तर इपॉक्सीवर भुकटी येते आणि पुन्हा घासावे लागते.

हे काम कधी करायचे? पावसाळ्यात नाही. हार्डनर हवेतल्या आणि पत्र्यावरच्या पाण्याशी मिळतो, वायू तयार होतो आणि अस्तराला पोळीसारखे फोड येतात. एप्रिल-मेमध्येही नाही. तापलेल्या तव्यावर पीठ ओतल्यासारखे वरून सुकते आणि आतून कच्चे राहते. डिसेंबर-जानेवारीत सकाळी दव असते, आणि तेव्हा ट्रॉली कापसात गुंतलेली असते. आपल्यासाठी योग्य दिवस म्हणजे फेब्रुवारीचा उत्तरार्ध आणि मार्चचा पूर्वार्ध. कापूस गेलेला, ऊन अजून चढलेले नाही, आखाजीला सालदाराचे नवे वर्ष सुरू व्हायला आणि खताच्या वाहतुकीला अवकाश. सकाळी दव पूर्ण वाळल्यावर सुरू करा, सावलीत करा, आणि अंधार पडायच्या बऱ्याच आधी संपवा, म्हणजे रात्रीच्या गारव्याच्या आधी वरचा थर बसेल.

माप बघू. ट्रॉली १० फूट लांब, ६ फूट रुंद, बाजू २ फूट उंच धरा. तळ ६० चौरस फूट, चारी बाजू ६४, एकूण १२४ चौरस फूट, म्हणजे सुमारे साडेअकरा चौरस मीटर. वाळल्यावर अर्धा मिलिमीटर थर हवा असेल तर एका चौरस मीटरला अर्धा लिटर वाळलेला माल लागतो. ओल्या मालातला साधारण अर्धा भाग थिनरबरोबर उडून जातो असे धरले तर चौरस मीटरला एक लिटर. म्हणजे पूर्ण हौद्याला साडेअकरा लिटर. पण बाजूच्या वरच्या अर्ध्या भागाला फारसे काही होत नाही. तळ आणि एक फूट उंचीपर्यंतच्या बाजू केल्या तर ९२ चौरस फूट, साडेआठ लिटरांत काम होते. वरच्या भागाला चांगला पेंट पुरे. हा हिशेब कागदावर करून दुकानात जा आणि डब्यावर छापलेल्या आकड्याशी ताडून बघा. ‘एका डब्यात होऊन जाईल’ असे सांगणाऱ्याला विचारा, थर किती जाड होईल?

आता जी गोष्ट मागे ठेवली होती ती. बायाबापड्यांनी आणि तरुण पोरांनी हे विशेष ऐकावे.

हार्डनरच्या डब्यावर बारीक अक्षरात ‘आयसोसायनेट’ असे लिहिलेले असते. हे नाव आपण ऐकलेले आहे. १९८४ च्या डिसेंबरमध्ये, २ आणि ३ तारखेच्या मधल्या रात्री, भोपाळमध्ये जो वायू सुटला तो मिथिल आयसोसायनेट. आणि तो वायू त्या कारखान्यात कशासाठी होता? कार्बारिल नावाचे कीटकनाशक करण्यासाठी. कापसावर धुरळायची ती पावडर आपल्यातल्या वयस्क मंडळींनी हाताळलेली आहे. हार्डनरमधले आयसोसायनेट भोपाळचे नव्हे, हे स्पष्ट सांगतो. ते जड आहे, डबा उघडल्याबरोबर वायू होऊन पळत नाही. पण घराणे एकच. आणि बंदुकीने फवारले की त्याचे बारीक तुषार होतात, ते श्वासाबरोबर थेट फुप्फुसात जातात. त्याने दमा होतो. एकदा शरीराने धास्ती घेतली की पुढे नुसत्या अंशानेही झटका येतो, आणि ती धास्ती आयुष्यभर जात नाही. वासावर भरवसा ठेवू नका. वास येण्याच्या आधीच ते अपायाच्या पातळीवर गेलेले असू शकते.

यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या फवारणीच्या हंगामात काय झाले ते आपण विसरलेलो नाही. कापसावर फवारताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. नंतर हातमोजे घातले नव्हते, मास्क लावला नव्हता, असे म्हणत बोट मेलेल्यांकडेच दाखवले गेले. या अस्तराच्या बाबतीत तसे बोट दाखवायची संधी कोणालाच देऊ नका. तोंडाला बांधलेला रुमाल या तुषारांपुढे काहीच नाही. धुळीचा मास्कही नाही. कोळशाच्या डबीचा मास्क पेंटच्या वासापुरता ठीक, पण आयसोसायनेट फवारण्यासाठी तोही पुरेसा मानत नाहीत. जगभर हे काम करणारे लोक बाहेरून नळीने स्वच्छ हवा येणारा टोप घालतात. तो टोप आपल्याकडे नाही.

म्हणून माझे मत सरळ आहे. बंदूक बाजूला ठेवा आणि रोलर घ्या. रोलरने तुषार होत नाहीत, माल वाया जात नाही, कॉम्प्रेसर लागत नाही, रात्रीच्या पाळीच्या विजेची वाट बघावी लागत नाही. थर थोडा कमी देखणा होईल. शेणखताला देखणेपण कळत नाही. अमेरिकेतसुद्धा घरी करणारे कितीतरी लोक रोलरनेच करतात. फवारूनच हवे असेल तर शहरात नळीच्या हवेचा टोप वापरणारा रंगारी शोधा, ट्रॉली घासून, प्रायमर मारून त्याच्याकडे न्या. खरवडण्याची मजुरी तुमची वाचेल. आणि आपला पाठीवरचा फवारणीचा पंप या कामाला कोणी लावू नये. तो चालणारही नाही आणि पुन्हा पिकाला वापरताही येणार नाही.

रोलरने करताना मोकळ्या हवेत, वारा पाठीवर घेऊन करा. रबरी हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा, चष्मा आणि थिनरच्या वासासाठी डबीचा मास्क. ज्याला दमा आहे त्याने त्या दिवशी त्या बाजूला फिरकू नये. लेकरांना लांब ठेवा. डब्यावरची सूचना इंग्रजीत असते, घरात इंग्रजी वाचणारी मुलगी असेल तर आदल्या रात्री तिच्याकडून सगळी वाचून घ्या आणि माप वहीत लिहून ठेवा.

माप म्हणजे हार्डनरचे माप. तीनास एक असेल तर तीनास एकच, अंदाजाने नाही. जास्त हार्डनर घातला म्हणजे जास्त घट्ट होते असे नाही, ठिसूळ होते. एका वेळी दोन लिटरांपेक्षा जास्त मिसळू नका. डब्यावर लिहिलेला वापरायचा वेळ साधारण २० ते २५ अंशांचा असतो. आपल्याकडे ३५ अंश असतील तर तो निम्म्यावर आला असे धरा. पहिला हात पातळ, तो हाताला चिकटेनासा झाला की दुसरा जाड, आडवा-उभा. कोपरे आणि वेल्डिंगच्या रेघा आधी ब्रशने भरून घ्या, कारण रोलर तिथे पोचत नाही आणि गंज नेमका तिथूनच सुरू होतो. निचऱ्याच्या भोकाच्या कडाही ब्रशने. बिजागऱ्या, साखळीचे हूक, मागचे रिफ्लेक्टर आणि नंबर चिकटपट्टीने झाकायला विसरू नका. रिफ्लेक्टर काळा झालेली ट्रॉली रात्री अजिंठ्याच्या रस्त्यावर उभी असणे म्हणजे काय, ते या गावाला सांगायला नको.

मिसळलेला माल उरला तर डब्यात झाकण लावून ठेवू नका, तो तापतो. हार्डनरच्या डब्यात पाण्याचा थेंब गेला आणि झाकण लावले तर आत वायू होऊन डबा फुटू शकतो. उरलेला माल उघड्यावर घट्ट होऊ द्या. रिकामा डबा पाण्याला किंवा धान्याला वापरू नका.

लावल्यावर एक दिवस कोणी आत पाय ठेवू नये. हलका माल तीन दिवसांनी, विटा आणि मुरूम सात दिवसांनंतर. वास पूर्ण जाईपर्यंत दादर किंवा कडबा थेट हौद्यात टाकू नका, आणि पुढेही खायचे धान्य ताडपत्री अंथरूनच न्या. शेणखत काढताना लोखंडी फावड्याऐवजी लाकडी पावडे वापरा. खताची खेप झाली की त्याच दिवशी धुवा. कुठे ओरखडा जाऊन लोखंड दिसले तर पावसाळ्याची वाट न बघता तेवढी जागा घासून, प्रायमर मारून, हात द्या. अस्तर लावले म्हणजे ट्रॉली पावसात उभी करायचा परवाना मिळाला असे नाही. ती छपराखाली राहिली तर अस्तरही टिकेल.

पूर्ण ट्रॉलीवर पैसे घालण्याआधी एक करा. हौद्याच्या एका कोपऱ्यात एक चौरस फूट जागा या सगळ्या रीतीने तयार करून तिथे अस्तर लावा. सात दिवसांनी ब्लेडने त्यावर फुली मारा, फुलीवर चिकटपट्टी दाबून बसवा आणि झटक्यात ओढा. अस्तर पट्टीबरोबर आले तर तुमच्या घासण्यात किंवा प्रायमरमध्ये कमी आहे, आणि ते एका फुटावर कळले. नाही आले तर बाकीचे डबे आणा.

प्रत्येकाने ग्राइंडर घ्यायची गरज नाही. वाडीतल्या चार-पाच ट्रॉल्या पाळीपाळीने एकाच खळ्यावर घासल्या तर एक ग्राइंडर, दोन कप ब्रश आणि पाचशे फुटांऐवजी पन्नास फुटांची वायर पुरते. इपॉक्सी प्रायमर एकदम घेतला तर दुकानदाराशी भावाचे बोलता येते, ते आपल्याला शिकवायला नको. ज्यांना मार्चच्या आधी करायचे आहे त्यांनी आपल्या हौद्याची लांबी, रुंदी, उंची कागदावर लिहून पुढे द्यावी. लिटरांचा हिशेब आपण आत्ता इथेच बसून करू.